कोपऱ्यातला तवा

मला लेफ्सा, म्हणजे आम्हा नॉर्वेजियन-अमेरिकन लोकांची बटाट्याची पातळ पोळी, लाटता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. मागून कुणी कुजबुजायला नको. बटाट्याचं पीठ माझ्या लाटण्याला चिकटतं, पोळी उचलायच्या काठीवरून घसरते आणि तव्यावर पडते ती कॅनडाचा नकाशा होऊन. म्हणून नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात लेफ्साचा दिवस असतो तेव्हा मी उकडलेले बटाटे कुस्करते आणि तोंड चालवते. दोन्ही कामं मला झकास जमतात. "रुमालांच्या घड्या घालता का, ब्रेक्केबाई?" असं विचारायची मात्र अजून कुणाची छाती झालेली नाही. आमच्याकडे रुमाल कुणाच्या हाती देतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिचे हात गेले तिच्या. एकदा ते कागदी रुमाल तुमच्यासमोर आले की पुन्हा तव्याजवळ उभं राहायचं नाव काढायचं नाही.

जन्मभर मी या गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. तळघरातल्या निम्म्या बायका माझ्या हाताखालून गेल्यात. ओहमचा नियम आला की मागच्या बाकावरून दरवर्षी ठरलेला प्रश्न यायचा, "बाई, हे आम्हाला कुठे उपयोगी पडणार आहे?" मी म्हणायचे, "पडेल तेव्हा कळेल. वही उघड." खरं सांगायचं तर पडेल की नाही, याची मलाही खात्री नव्हती. बीट पेरणारी, गाई पिळणारी पोरं ती. पण शिकवताना कच खाल्ली की पोरं मानगुटीवर बसतात.

त्यातलीच एक लव्हॉन स्कोगेन. हिला मी नापास केलं होतं. उगाच नाही केलं. उत्तर बरोबर लिहायची, पण पायऱ्या नाहीत, एकक नाही. नुसतंच 'बारा'. मी भर वर्गात विचारलं होतं, "बारा काय? बदकं?" तर म्हणे, "बाई, उत्तर आलं ना!" वर नाक उडवलंन. नापास. आजही तो पेपर समोर आला तर मी तेच करीन.

आता ही लव्हॉन आमच्या स्वयंपाकघराची मुख्य आहे. कॉफी किती, लोणी किती, कुणी कुठे उभं राहायचं, सगळं तिच्या हुकमाने. बाई कामाची आहे, त्यात वाद नाही. गेल्या वर्षी लेफ्साच्या दिवशी जी तारांबळ उडाली, ती पाहून दुसऱ्या कुणीही राजीनामाच दिला असता. प्रत्येकजणी आपापला विजेचा तवा घरून आणते, जिथे भोक दिसेल तिथे खुपसते, आणि दोन तवे एकत्र तापले की ब्रेकर पडतो. तळघर काळंकुट्ट, तव्यावर पोळी अर्धी कच्ची, आणि लव्हॉनचा नवरा ड्वेन टॉर्च घेऊन जिन्याखाली पळतोय. दिवसभर हेच चाललं होतं.

या वर्षी लव्हॉनने आधीच येऊन सगळं आखून ठेवलं. सकाळी बायका जमल्या तेव्हा कमरेवर हात ठेवून तिने सांगितलं, "एक तवा चौदाशे वॅटचा. भागिले एकशेवीस व्होल्ट. म्हणजे साडेअकरा अँपिअरच्या वर. दोन तवे म्हणजे तेवीसच्या पुढे गेलो. आपला एकेक ब्रेकर वीसचा. तेव्हा एका ब्रेकरवर एकच तवा. कुणी हुशारी करायची नाही."

मी बटाटा हातात धरून तशीच उभी राहिले. एककासकट! पण आमच्या लोकांत तोंडावर कौतुक करायची रीत नाही. 'वाईट नाही' म्हणजे आमच्याकडे सुवर्णपदक. मी तेही म्हटलं नाही. बटाटा कुस्करला.

या नव्या मांडणीत अर्डिस ट्वाइटची जागा गेली. अर्डिस माझ्याहूनही मोठी, ऐंशी ओलांडलेली. वर्षानुवर्षं पहिला तवा तिचाच, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या भिंतीला लागून. तिची लेफ्सा उजेडात धरली तर पलीकडचं माणूस दिसतं. लेफ्साच्या दुसऱ्या दिवशी चर्चचं मोठं जेवण असतं, त्याला चार गावांतून लोक येतात, तिथला परंपरेचा वास मारणारा मासा निमूट गिळतात, का? तर पुढे अर्डिसची लेफ्सा आहे म्हणून. या वर्षी तिच्या भिंतीला लव्हॉनचा तवा आला, शेजारी कॉफीची मोठी भांडी आली, आणि अर्डिसला मिळाला लांबचा कोपरा. तिथे भिंतीत वीज नाही. म्हणून रविवारच्या शाळेच्या खोलीतून दोन तपकिरी वायरी एकमेकींना जोडून, दाराखालून काढून, तिच्या तव्यापर्यंत आणलेल्या. नाताळच्या झाडाला दिवे लावतात ना, तसल्या पातळ वायरी.

"चालेल ना, अर्डिस?" लव्हॉनने विचारलं होतं.

"चालेल की. मला काय, कुठलाही कोपरा चालतो," अर्डिस म्हणाली. आमच्या बायका नेहमी असंच म्हणतात, मग पोटात काहीही असो.

आणि मग तिची लेफ्सा बिघडायला लागली.

आधी एक, मग दुसरी, मग गठ्ठाच. पांढरीफटक, कडक, घडी घालायला गेलं की मोडणारी. तव्यावर नुसती वाळत होती. तपकिरी ठिपका म्हणून औषधाला नाही. आता आमच्या लोकांची खोड पाहा. एकीनेही तोंड उघडलं नाही. येता-जाता तिची पोळी उचलायची, गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायची, वर आपली चांगली ठेवायची आणि टॉवेलखाली झाकून टाकायची. अख्खी सकाळ हा लपंडाव. कुणी एकीने "अगं अर्डिस, हे काय होतंय?" एवढं विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण नाही. आम्ही सभ्य!

बोलायचं ते पाठीमागे. लाटता लाटता कोरीन म्हणाली, "वय झालं की हातातलं जातंच गं. नॉर्मन गेल्यापासून तिचं लक्षच नाही कशात." नॉर्मन म्हणजे अर्डिसचा नवरा.

"तवा नीट तापत नाही म्हणत होती," दुसरी म्हणाली.

"हो ना! नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या हातात बटाट्याचं भांडं होतं, म्हणून कोरीन वाचली.

शेवटी लव्हॉन गेली कोपऱ्यात. टॉवेल उचलून गठ्ठा पाहिला, पुन्हा झाकला. मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "अर्डिस, उद्याचे रुमाल तसेच पडलेत बघा. तुम्ही जरा बसून घेता का ते? इथे कोरीन उभी राहील."

तळघरातली सगळी लाटणी एकदम हळू झाली.

अर्डिसने मान हलवली. "हो, हो. बसते की," म्हणाली आणि पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. मी भांडं आदळलं आणि तिच्याकडे गेले.

"राहू दे ती गाठ," मी म्हटलं.

"एव्हलिन, पीठ तेच आहे, लाटणं तेच आहे," ती माझ्या कानाशी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते भिंतीकडे वळवून उभी होती. "पण पोळी कधी उलटायची ते मला कळेनासंच झालंय. हे एवढंच येत होतं गं मला. हेही गेलं." मग नाक पुसून म्हणाली, "आणि डोळ्यांचंही काहीतरी झालंय. सकाळपासून मला तो लाल दिवा सारखा लागलेलाच दिसतो."

मी खाली वाकून पाहिलं. तव्याच्या बाजूचा लाल दिवा खरंच लागलेला होता. बाकी सगळ्यांचे तवे पाचशे फॅरनहाइटला पोचले की दिवा विझतो, थोडं निवले की लागतो. हा विझतच नव्हता, म्हणजे तवा पाचशेला पोचतच नव्हता. माझी नजर तव्यावरून वायरीवर गेली, वायरीवरून दाराखाली. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ओरडणारच होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात लव्हॉन दिसली. तीही वाकून त्या दिव्याकडेच बघत होती, कपाळाला आठ्या घालून. परीक्षेत प्रश्न सुटायच्या बेतात असला की पोरांचा चेहरा कसा होतो, ते मी ओळखते. त्या वेळी मास्तरीणबाईने गप्प बसायचं असतं. मी गप्प बसले. कसं ते माझं मला ठाऊक!

"हा विझत का नाही?" लव्हॉन स्वतःशीच म्हणाली. "तवा म्हातारा झाला असेल. आतली तार गेली असेल."

"नॉर्मनने आणलेला आहे तो," अर्डिस घाईने म्हणाली. "टाकून नका देऊ हं."

"टाकत नाही. आधी मोजू या." लव्हॉनने जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ड्वेन! मीटर आण!"

धान्य वाळवायची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. मीटर त्याच्या ट्रकमध्ये असतोच. हा ड्वेनही माझाच विद्यार्थी. याला मी पास केलं होतं, कशासाठी ते आता आठवत नाही. पण काम चोख आहे त्याचं. तवा चालू ठेवून त्याने वीज मोजली आणि सांगितलं, "तव्याशी एकशेपाच व्होल्ट. करंट दहा पॉइंट दोन."

लव्हॉन तडक रविवारच्या शाळेच्या खोलीत गेली. फळ्यावर पोरांनी नोहाची नाव काढली होती, जिराफाची मान वर आलेली. त्याखालच्या रिकाम्या जागेत तिने खडू चालवला. आम्ही सगळ्या पिठाच्या हातांनी दारात.

"व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे रोध. एकशेपाच भागिले दहा पॉइंट दोन. दहा पॉइंट तीन."

मला राहवलं नाही. "दहा पॉइंट तीन काय? बदकं?"

"ओहम, बाई! ओहम! लिहितेय ना!" ती मागे न बघता ओरडली, आणि बायका खो-खो हसल्या. अर्डिससुद्धा ओल्या डोळ्यांनी हसली.

"आता तव्यावर काय छापलंय? चौदाशे वॅट, एकशेवीस व्होल्ट. म्हणजे करंट हवा अकरा पॉइंट सात अँपिअर. त्याने एकशेवीसला भागलं तर..." खडू थांबला, पुन्हा चालला. "दहा पॉइंट तीन ओहम. तेवढाच. तवा ठणठणीत आहे, अर्डिस. नॉर्मनने आणला तेव्हा होता तसाच आहे."

अर्डिसचा चेहरा उजळला नाही, उलट पडला. तवा चांगला, मग राहिलं कोण? तीच. कोरीनने माझ्याकडे न बघता भुवई उडवली.

पण लव्हॉन अजून खडू खाली ठेवत नव्हती. "थांबा. तव्याला शक्ती किती मिळतेय? व्होल्ट गुणिले अँपिअर. एकशेपाच गुणिले दहा पॉइंट दोन." तिने पायरीपायरीने गुणाकार मांडला, एकही गाळली नाही. "एक हजार एकाहत्तर वॅट. चौदाशेच्या जागी! अगं, जवळजवळ पाव आच कमी. या आचेवर कुणाचीही पोळी वाळेलच, भाजणार कशी? ड्वेन, भिंतीत किती व्होल्ट आहेत?"

"एकशेवीस, बरोब्बर," ड्वेन खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणाला.

"भिंतीत एकशेवीस. तव्याशी एकशेपाच. मग मधले पंधरा..."

आणि ती थांबली.

तिला कळलं होतं. पाठमोरी होती तरी मला दिसलं, मानेपर्यंत लाल झाली होती. भिंत आणि तवा यांच्या मध्ये होतं काय? तिनेच आणलेल्या, तिनेच जोडलेल्या दोन वायरी. आता इथे ती थांबली असती तरी चाललं असतं. 'विजेचा काहीतरी घोळ आहे' म्हणून वायर गुपचूप बदलली असती, तर आमच्यातल्या एकीनेही विचारलं नसतं. आम्ही तो प्रसंगही गठ्ठ्याच्या तळाशी घालून वर टॉवेल टाकला असता. सकाळपासून तेच तर करत होतो.

लव्हॉन खाली बसली आणि तिने फरशीवरच्या वायरीवर तळहात ठेवला. मग उठली आणि लिहायला लागली. "वायर कोमट लागतेय. पंधरा व्होल्ट भागिले दहा पॉइंट दोन अँपिअर. एक पॉइंट पाच ओहम, जवळपास. हा वायरीचा रोध. पातळ आणि लांब, म्हणून एवढा. पंधरा गुणिले दहा पॉइंट दोन, एकशे त्रेपन्न वॅट. एवढी शक्ती इथे फरशी तापवतेय."

"पण हिशोब जुळत नाही," कोरीन दारातून म्हणाली. कोरीनला जीभ आहे, पण डोकंही आहे, हे कबूल केलं पाहिजे. "एक हजार एकाहत्तर आणि एकशे त्रेपन्न मिळून चौदाशे होत नाहीत. बाकीचे कुठे गेले?"

"ते आलेच नाहीत. वाटेत रोध वाढला, म्हणून भिंतीतून करंटच कमी निघाला. अकरा पॉइंट सातच्या जागी दहा पॉइंट दोन. हे बघ ना, पहिल्याच ओळीत आहे."

मी दाराची चौकट घट्ट धरली. असा प्रश्न आणि असं उत्तर! माझ्या वर्गात हे कधी झालं असतं तर मी त्या दिवशी शाळेची घंटा स्वतः वाजवली असती.

लव्हॉनने खडू ठेवला, हात एप्रनला पुसले आणि आमच्याकडे वळली. सगळ्यांसमोर, मोठ्याने बोलली.

"ही वायर मी टाकली. ब्रेकरचं गणित केलं, वायरीचं केलं नाही. अर्डिस, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. डोळ्यांनाही नाही, दिवा खरंच लागलेला होता. चूक माझी होती आणि रुमाल मी तुमच्यापुढे ठेवले. माफ करा मला."

आमच्या तळघरात असं कुणी बोलत नाही. आजवर कुणी बोललं नव्हतं. कुणी छताकडे बघतंय, कुणी जिराफाकडे. शेवटी कोरीनने घसा खाकरला आणि म्हणाली, "म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं." मग अर्डिसजवळ गेली आणि तिच्या एप्रनची अर्धवट सुटलेली गाठ पुन्हा घट्ट बांधून दिली.

"चला, तवे हलवा," लव्हॉन पुन्हा मुख्य झाली. "अर्डिस, तुम्ही तुमच्या भिंतीशी. कोपऱ्यात मी. ड्वेन, थंडीत ट्रकचं इंजिन गरम ठेवायला लावतोस ना, ती जाड पिवळी वायर काढ. आणि या तपकिरी दोन झाडाच्या दिव्यांबरोबर ठेवून दे."

नॉर्मनचा तवा जुन्या जागी बसला. लाल दिवा लागला. एकेक करत सगळ्या बायका लाटणं सोडून त्या एवढ्याशा दिव्याकडे बघत बसल्या. थोड्याच वेळात टक् झालं आणि दिवा विझला. अर्डिसने एक मोठा श्वास घेतला, पोळी लाटली, काठीवर उचलली आणि तव्यावर अंथरली. बुडबुडे आले. तिने वाट पाहिली, मनाशी काहीतरी मोजलं आणि उलटली. तपकिरी ठिपक्यांनी भरलेली, मऊसूत. काठीवर धरून तिने ती छताच्या दिव्यासमोर उंच केली, आणि तिच्यातून मला पलीकडे कोरीन दिसली, चक्क हसताना.

"मला वाटलं होतं, संपलं," अर्डिस मला म्हणाली.

"तुझं काय संपतंय!" मी म्हटलं.

पहिली पोळी तिने लोणी आणि साखर लावून गुंडाळली आणि कोपऱ्यात लव्हॉनला नेऊन दिली. लव्हॉनने उभ्याउभ्या खाल्ली. बोटं चाटली. "वाईट नाही," म्हणाली. अर्डिस लाजली, खरंच लाजली, आणि पुन्हा तव्याकडे गेली.

तेवढ्यात कोरीनला आठवण झाली. "मग आता रुमालांच्या घड्या कोण घालणार?"

जी ती आपल्या पिठात डोकं घालून. मी हात धुतले, पुसले.

"आणा इकडे," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही?"

"का? हात आहेत मला. आणि टेबल त्या दारासमोर लावा, मला फळा दिसला पाहिजे."

तर मी रुमालांच्या घड्या घालत बसले, आणि सांगते, राणीसारखी बसले. समोर नोहाची नाव, जिराफाची मान आणि त्याखाली लव्हॉन स्कोगेनचं गणित. वाकडंतिकडं अक्षर, पण एक पायरी गाळलेली नाही, एक आकडा एककाशिवाय सोडलेला नाही. आणि सगळ्यांत शेवटी वायरीचा रोध, स्वतःच्या चुकीचा, स्वतःच्या हाताने काढलेला. मी शिकवलं होतं फक्त भागाकार करायला. उत्तर आपल्यावर उलटत असताना खडू खाली न ठेवायला मी शिकवलेलं नाही. ते तिचं तिने आणलं. ऊर भरून येणं म्हणतात ना, ते काय ते मला त्या टेबलाशी कळलं. आयुष्यभर शिकवल्याचं सार्थक झालं, हे मी तिथे कुणाला म्हटलं नाही, पण इथे म्हणते.

काम आटोपलं तशी लव्हॉन ओलं फडकं घेऊन त्या खोलीत निघाली.

"कुठे चाललीस?" मी विचारलं.

"फळा पुसते. रविवारी पोरं येतील ना, बाई."

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. "येऊ देत पोरं. वाचतील."

ती फडकं हातात घेऊन उभी राहिली, एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शेजारी खुर्ची ओढून बसली आणि माझ्याबरोबर रुमालांच्या घड्या घालायला लागली.